‘द वॉल’ दौऱ्याचा चित्रपट: काय पाहावे आणि काय ऐकावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडची गाणी आपण कॉलेजपासून ऐकत आला आहात, अलीकडे त्या बँडचे एकेकाळचे बासगिटारवादक व गायक रॉजर वॉटर्स यांच्या ‘द वॉल’ या जागतिक दौऱ्यावरचा चित्रपट घरी टीव्हीवर पाहिला, आणि अपेक्षेइतका आनंद मिळाला नाही. गाणी परिचयाची असूनही दोन तास थकवणारे वाटले, मध्ये येणारा मोटारप्रवास हा अडथळा वाटला, आणि हे सारे एका रात्रीचे चित्रीकरण आहे की अनेक रात्रींची जुळवाजुळव, असा संशय सतत मनात राहिला. असा चित्रपट प्रत्यक्ष कार्यक्रमाची नोंद मानावा की नाही आणि तो पाहावा कसा, हे आपण विचारले आहे.

मैफिलींचे व रंगमंचीय प्रयोगांचे ध्वनिमुद्रण आणि त्यानंतरचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे, हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे मी उत्तर कानाच्या बाजूने देणार आहे. आपला संशय खरा आहे. हा चित्रपट एका रात्रीचा नाही. अथेन्स, ब्युनोस आयरीस आणि क्वेबेक या शहरांतील प्रयोगांमधून तो जुळवलेला आहे, आणि तसे करता आले याचे कारण खुद्द त्या प्रयोगाच्या बांधणीतच आहे. ते कारण एकदा ध्यानात आले की चित्रपटात कुठे लक्ष द्यायचे हेही आपोआप कळते, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

‘द वॉल’ ही ‘पिंक फ्लॉइड’ची ध्वनिमुद्रिका १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. तिचे बीज १९७७ च्या जुलैमध्ये मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पडले. तिथे प्रेक्षकांच्या गोंगाटाने चिडलेले वॉटर्स पुढच्या रांगेतल्या एका चाहत्यावर थुंकले, नंतर स्वतःच्या या कृत्याने हादरले, आणि आपल्यात व श्रोत्यांत एक भिंत उभी आहे ही भावना त्यांनी शब्दशः रंगमंचावर आणायचे ठरवले. १९८० आणि १९८१ मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचे युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड एवढ्या चारच ठिकाणी तो प्रयोग झाला, कारण गाणी चालू असताना पुठ्ठ्याच्या विटांची भिंत रचत नेणे आणि शेवटी ती पाडणे हे त्या काळच्या साधनांनी गावोगाव फिरवण्यासारखे नव्हतेच. १९९० मध्ये बर्लिनच्या पॉट्सडामर प्लात्स येथे अनेक पाहुण्या गायकांसह वॉटर्स यांनी तो एकदा केला. त्यानंतर वीस वर्षांनी, १५ सप्टेंबर २०१० रोजी टोरांटोत सुरू होऊन सप्टेंबर २०१३ मध्ये पॅरिसला संपलेल्या दौऱ्यात त्याचे २१९ प्रयोग झाले. दौरा सुरू झाला तेव्हा वॉटर्स यांना नुकतेच सदुसष्टावे वर्ष पूर्ण झाले होते.

सभागृहातील प्रयोगात ही भिंत सुमारे ७३ मीटर रुंद आणि ११ मीटर उंच होती, स्टेडियममध्ये त्याहूनही रुंद. तिच्या प्रत्येक विटेवर वेगळे चित्र पडावे असे प्रोजेक्टर लावलेले होते, आणि ही चित्रे गाण्याच्या नेमक्या शब्दावर, नेमक्या ठोक्यावर बदलायची होती. हे साधायचे तर वादकांची लय रोज तीच राहिली पाहिजे. अशा प्रयोगात वादकांच्या कानात लय दाखवणारा क्लिक वाजत असतो आणि चित्र, दिवे व पूर्वमुद्रित आवाज या सर्वांना बांधणारा टाइमकोड मागे चालू असतो. गाणे अमुक सेकंदाला सुरू होते आणि अमुक सेकंदाला संपते, शहर कोणतेही असो. अथेन्समधला ड्रमचा ठोका आणि ब्युनोस आयरीसमधला ठोका एकमेकांवर ठेवले तर ते जवळपास तंतोतंत बसतात. म्हणूनच संकलकाला एका ओळीचा पूर्वार्ध एका देशातून आणि उत्तरार्ध दुसऱ्या देशातून घेता येतो आणि पाहणाऱ्याला सांधा जाणवत नाही.

आपल्याकडच्या ख्यालगायनाच्या दोन मैफिली अशा कधीच जोडता येणार नाहीत. तोच गायक, तोच राग, तीच बंदिश असली तरी दुसऱ्या दिवशी लय किंचित चढी असते, आलापाला दोन मिनिटे जास्त लागतात, तबलजी समेवर वेगळ्या अंगाने येतो. रॉकच्या जगातही जुन्या चित्रपटांना ही अडचण होतीच. ‘लेड झेपेलिन’च्या १९७३ मधील मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमांवर जो चित्रपट निघाला, त्याच्या चित्रीकरणात इतक्या फटी राहिल्या की पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या स्टुडिओत रंगमंच पुन्हा उभारून वादकांना जुन्या ध्वनिमुद्रणावर वाजवल्याचा अभिनय करावा लागला, आणि जॉन पॉल जोन्स यांनी मधल्या काळात केस कापल्यामुळे त्यांना टोप घालावा लागला. ‘द बँड’ नावाच्या गटाच्या १९७६ मधील निरोपाच्या कार्यक्रमाचे पुष्कळसे भाग नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले आहेत. तेव्हा जुळवाजुळव हा या प्रकारचा नवा दोष नाही. ‘द वॉल’च्या बाबतीत ती शिवण प्रयोगाच्या आतूनच शक्य झाली, एवढाच फरक.

आता नोंदीचा प्रश्न. अमुक तारखेला, अमुक खुर्चीत बसून जे ऐकू आले त्याची नोंद हा चित्रपट देत नाही, आणि खरे सांगायचे तर अशी नोंद कोणाला ऐकवणारही नाही. साधा हिशेब करून पाहा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टेडियममध्ये रंगमंचापासून १०० मीटरवर बसलेल्या माणसाला तिथला ठोका डोळ्यांना दिसल्यानंतर जवळजवळ तीन दशांश सेकंदाने ऐकू येतो. शाळकरी मुलांच्या कोरसमुळे जगभर गाजलेल्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ या गाण्याची मूळ लय मिनिटाला सुमारे १०४ ठोक्यांची आहे, म्हणजे दोन ठोक्यांत सहा दशांश सेकंदांहून थोडे कमी अंतर. त्या माणसाला ड्रमरचा हात खाली येताना दिसतो आणि आवाज बरोबर अर्धा ठोका उशिरा पोहोचतो. स्टेडियममध्ये म्हणूनच मध्ये मध्ये स्पीकरचे खांब उभारतात आणि त्यांचा आवाज मोजून मागे ठेवतात, म्हणजे पुढून येणारा आवाज आणि खांबावरचा आवाज एकत्र कानात शिरतात. पण रंगमंचावरचा हात आणि कानातला ठोका यांचे अंतर त्याने मिटत नाही. मोठ्या पडद्यांवरचे चित्र हवे तर थोडे मागे ठेवता येते, प्रत्यक्ष माणूस मागे ठेवता येत नाही.

चित्रपटात हे अंतर नाहीसे होते, आणि ते नाहीसे करणे हे मिक्सिंग करणाऱ्याचे सर्वांत नाजूक काम असते. गायक, गिटार, ड्रम यांचे माइक जवळचे असतात, त्यांचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो प्रेक्षकांवर रोखलेल्या माइकचा. तीस मीटर दूर लावलेल्या माइकमध्ये रंगमंचाचा आवाज सुमारे नव्वद मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तो ट्रॅक तसाच मिसळला तर प्रत्येक ठोक्याला अस्पष्ट दुसरा ठोका चिकटतो आणि सारे गढूळ होते. तो सरकवून जुळवला तर ठोके स्वच्छ होतात, पण माइकजवळच्या लोकांच्या टाळ्या आता जरा आधी पडू लागतात. पूर्णपणे काढून टाकला तर हजारो माणसांसमोरचा कार्यक्रम बंद खोलीत झाल्यासारखा निर्जीव वाटतो. या तिन्हींच्या मधली जागा प्रत्येक गाण्यात नव्याने शोधावी लागते. हा चित्रपट पुन्हा लावाल तेव्हा एखाद्या गाण्यात फक्त गर्दीचा आवाज ऐका: तो कधी वर येतो, कधी जवळजवळ लुप्त होतो, आणि गर्दी गाऊ लागते तेव्हा ती पुढच्या दोन स्पीकरमधून येते की चारी बाजूंनी. ध्वनीची जबाबदारी नायजेल गॉड्रिच यांच्याकडे होती आणि चित्रपटगृहांसाठी डॉल्बी ॲटमॉसमध्ये, म्हणजे श्रोत्याच्या चारी बाजूंनी व वरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीत, मिश्रण झाले. इथे ती नुसती हौस नव्हती. ‘पिंक फ्लॉइड’ने १९६७ च्या मे महिन्यातच लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये श्रोत्यांच्या चारी बाजूंना स्पीकर ठेवून आवाज फिरवला होता, आणि ‘द वॉल’ मध्येही विमान, हेलिकॉप्टर, गाण्यातल्या गुरुजींचा ओरडा हे सर्व श्रोत्याभोवती फिरण्यासाठीच रचलेले आहे.

आपल्याला आलेला थकवा मला तरी इथूनच आलेला दिसतो. भोवती फिरण्यासाठी रचलेला आवाज टीव्हीच्या तळाशी बसवलेल्या दोन लहान स्पीकरांतून आला की सगळे थर एकाच जागी गोळा होतात आणि कान ते सुटे करण्यात दमून जातो. शिवाय आवाज कमी ठेवला की मानवी कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. चित्रपटगृहाच्या पातळीला समतोल वाटणारे मिश्रण घरातल्या हळू आवाजात पातळ आणि कर्कश वाटते, आणि या संगीताचा कणा तर वॉटर्स यांचे बासगिटारच आहे. महागडी यंत्रणा नसली तरी चालेल, कान झाकणारे हेडफोन लावा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये रात्रीसाठी आवाज सपाट करणारा पर्याय असेल तर तो बंद ठेवा, आणि चित्र कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारा पर्यायही बंद ठेवा, कारण त्याने भिंतीवरची प्रक्षेपणे मालिकेतल्या नेपथ्यासारखी दिसू लागतात.

एवढे झाल्यावर मूळ मुद्दा. प्रयोगाची लय, चित्रे, दिवे आणि हालचाली घड्याळाला बांधलेल्या आहेत, म्हणून त्या रोज सारख्या आहेत. मग या चित्रपटात त्या त्या रात्रीचे, त्या माणसाचे असे काय उरते? माझ्या मते घड्याळाची सत्ता जिथे चालत नाही अशा जागा उरतात, आणि हा चित्रपट त्या जागांसाठी पाहावा.

पहिली जागा ‘मदर’ या गाण्यात आहे आणि मला ती संपूर्ण चित्रपटातली सर्वांत मोलाची वाटते. वॉटर्स एकटे अकूस्टिक गिटार घेऊन उभे राहतात आणि मागे मोठ्या पडद्यावर १९८० साली लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये हेच गाणे गाणारे तरुण वॉटर्स दिसतात. दोघे एकत्र गातात. तिथे कालमान ठरवणारा आहे तो पडद्यावरचा तरुण गायक, आणि तो थांबत नाही, वळून पाहत नाही. त्यातच हे गाणे सरळ मात्रांचे नाही. त्यातल्या ओळी कुठे पाच, कुठे सात, कुठे नऊ अशा वळणांनी जातात, आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी ‘पिंक फ्लॉइड’चे ड्रमवादक निक मेसन यांना त्या वळणांशी जमवून घेता आले नाही म्हणून ड्रम जेफ पोर्कारो यांनी वाजवले होते. छत्तीस वर्षांच्या स्वतःने एखाद्या शब्दावर जो क्षणभर जास्त विलंब केला, तो सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला आज नेमका पकडायचा असतो. या गाण्यात दोन आवाजांची व्यंजने ऐका. काही शब्दांची टोके एकत्र पडतात, काही ठिकाणी म्हातारा आवाज किंचित आधी सुटतो, आणि तरुण आवाजातली धार जिथे आहे तिथे आताच्या आवाजात श्वास आहे. वयाबद्दलचे इतके खरे विधान मला दुसऱ्या कोणत्याही संगीतपटात ऐकायला मिळालेले नाही, आणि ते शब्दांतून केलेले नसून केवळ स्वरांच्या शेजारातून झालेले आहे.

दुसरी जागा म्हणजे उंच स्वरांची. मूळ ध्वनिमुद्रिकेत जे भाग ‘पिंक फ्लॉइड’चे गिटारवादक व गायक डेव्हिड गिल्मोर गात असत ते इथे रॉबी वायकॉफ गातात, आणि गिटारचे प्रमुख एकल वादन डेव्ह किलमिन्स्टर करतात. ‘कम्फर्टेबली नम्ब’ मध्ये हे दोघे भिंतीच्या माथ्यावर आणि वॉटर्स खाली, भिंतीच्या पायथ्याशी एकटे, अशी रचना आहे. वॉटर्स मुठी आपटतात आणि भिंतीवर रंग फुटतात. अनेकांना इथे गिल्मोर नसल्याची रुखरुख वाटते. (ते १२ मे २०११ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात या दौऱ्यातल्या एका प्रयोगात खरोखर भिंतीवर चढून वाजवून गेले, पण ती रात्र वेगळी.) माझे मत असे की किलमिन्स्टर यांचे वादन नक्कल म्हणून मोजू नये. लाखोंच्या कानात बसलेले स्वर रोज बदल न करता वाजवणे आणि तरीही प्रत्येक मिंडेत जीव ठेवणे ही वेगळी शिस्त आहे. नाट्यपदे गाणाऱ्याला ती चांगली समजेल.

तिसरी जागा मोटारप्रवासाची, जी आपल्याला अडथळा वाटली. शॉन इव्हान्स आणि वॉटर्स या दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात तेवढा भाग पूर्णपणे घड्याळाबाहेर आहे. वॉटर्स यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले तेव्हा मुलगा पाच महिन्यांचा होता. आजोबा पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये गेले. चित्रपटात वॉटर्स जुन्या गाडीतून फ्रान्समधल्या आजोबांच्या कबरीपर्यंत आणि पुढे इटलीतल्या युद्धस्मारकापर्यंत जातात, वाटेत वडिलांच्या मृत्यूची वार्ता आईला कळवणारे पत्र वाचतात. हे प्रसंग संथ आहेत, काही ठिकाणी बेतलेलेही वाटतात, आणि ते सर्वच जमले आहेत असे मी म्हणणार नाही. गाडीतल्या सहप्रवाशांशी होणारे संवाद मला अजूनही लांबलेले वाटतात. पण ते गाळून पाहू नयेत, कारण प्रयोगाच्या आरंभीच भिंतीवर ज्या सैनिकाचे छायाचित्र येते ते याच वडिलांचे आहे, आणि त्यानंतर विटाविटांवर येणारे चेहरे जगभरातल्या लोकांनी युद्धात व हिंसेत गमावलेल्या आपल्या माणसांची छायाचित्रे पाठवली त्यांचे आहेत. १९७९ मध्ये ही भिंत एका गायकाच्या एकटेपणाची होती. २०१० मध्ये तिच्यावर परक्यांचे मृत आले. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००५ साली पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेलेला निरपराध ब्राझिलियन तरुण ज्याँ शार्ल द मेनेझेस याच्यावरचे छोटे गाणेही या दौऱ्यात जोडलेले आहे, मुलांच्या कोरसनंतर लगेच. प्रवासाचा भाग वगळला तर हा बदल कळतो, पण त्याचे ओझे जाणवत नाही.

प्रेक्षकांच्या चेहऱ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. डोळे पुसणारे चेहरे कॅमेरा वारंवार दाखवतो. असे चेहरे खरे असतात यात शंका नाही. २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत गाऊन गेले तेव्हाच्या आठवणी सांगताना आजही गळा दाटून येणारे लोक आपल्या आसपास आहेत. पण पडद्यावर कोणी रडताना दिसले की पाहणाऱ्याने आता काय वाटून घ्यायचे हे आधीच ठरून जाते. जोनाथन डेमी यांनी १९८४ साली ‘टॉकिंग हेड्स’ या बँडवर केलेल्या चित्रपटात प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेच नाहीत, आणि त्यामुळे घरी बसलेला माणूसच प्रेक्षक झाला. ‘द वॉल’ मध्ये इतके धारिष्ट्य नाही. त्याला उपाय म्हणून एकदोन गाणी डोळे मिटून ऐकावीत. विशेषतः दुसऱ्या भागाच्या आरंभीचे ‘हे यू’ तसे ऐकावे, कारण तेव्हा भिंत पूर्ण झालेली असते आणि सभागृहातल्या माणसालाही वादक दिसत नसतात. त्यालाही आवाजच ऐकायचा असतो.

शेवटच्या गाण्यात भिंत पडल्यावर सर्व वादक ढिगाऱ्यासमोर एका ओळीत येतात. ड्रमवादकाने ड्रम सोडलेले असतात, हातांत मॅन्डोलिन, बँजो, ॲकॉर्डियन अशी लहान वाद्ये असतात आणि वॉटर्स ट्रम्पेट वाजवतात. दोन तास घड्याळाने चाललेला प्रयोग इथे माणसांच्या एकमेकांकडे पाहण्यावर चालतो. लय किंचित मागेपुढे होते, ती होऊ दिली आहे. हेच ट्रम्पेट प्रवासाच्या भागात स्मारकापाशीही वाजते, म्हणून दोन्ही ठिकाणचे स्वर लक्षात ठेवून ऐका.

दुसऱ्यांदा पाहताना पूर्वतयारी म्हणून २००० साली प्रसिद्ध झालेले, १९८०-८१ च्या प्रयोगांचे ‘पिंक फ्लॉइड’चे ध्वनिमुद्रण आधी ऐकावे असे मी सुचवेन. त्यात गिल्मोर आहेत, बँडचे कीबोर्डवादक रिक राइट आहेत, आणि साहाय्यक गिटारवर स्नोई व्हाइट आहेत, जे तीस वर्षांनी या चित्रपटातही वॉटर्स यांच्या शेजारी उभे दिसतात. चित्रपट दोन बैठकांत पाहायचा असेल तर मध्यंतर जिथे आहे तिथेच थांबावे, म्हणजे शेवटची वीट बसते त्या ठिकाणी. मूळ चित्रपटानंतर वॉटर्स आणि निक मेसन यांच्या गप्पांचा जो छोटा भाग आहे तो त्याच दिवशी पाहू नये. तो प्रसन्न आहे, पण ट्रम्पेटच्या स्वरांवर लगेच पडल्याने त्यांचा परिणाम पुसतो. तो दुसऱ्या दिवशी पाहा.